सौंसरची जोडी

मामाला आणायला पांढुर्णा स्टेशनावर जायचं ठरलं, तेव्हा बाबांनी गाडीच्या पाटावरच्या संत्र्याच्या पेट्या उतरवल्या आणि तिथे माझ्यासाठी सतरंजी अंथरली. ही गाडी म्हणजे बाबांच्या हातची करामत. दोन सायलेन्सरची जुनी मोटारसायकल, तिच्या डाव्या अंगाला लोखंडी नळ्यांची चौकट, चौकटीवर सागाच्या फळ्या आणि फळ्यांखाली स्कूटरचं चाक. सौंसरात तिला कुणी मोटारसायकल म्हणत नसे, सगळे ‘देवराव मिस्त्रीचं तीनचाकी’ म्हणत. हंगामात बाबा तिच्यावरून पेट्या वाहत, एरवी बंद पडलेले पंप आणि अधूनमधून अडलेली एखादी बाळंतीण. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि फळीवर मांडी घालून पांढुर्ण्यापर्यंत गेले, तोंडात वारा भरत. आजही मला चारचाकीत बसलं की कोंडल्यासारखं होतं. खिडकी उघडी टाकते म्हणून माझी सून कुरकुर करते.

मामा रेल्वेगाडीतून उतरला तो हातात एकच पत्र्याची पेटी घेऊन. मेल्विन त्याचं नाव. आईचा धाकटा भाऊ, आमल्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. त्यांचे वडील इंजिन ड्रायव्हर, त्यांचेही वडील तेच, आणि त्याआधीचा कुणी एक गोरा माणूस जहाजातून आला होता, एवढंच त्या घरात सांगितलं जाई. आईचं नाव डोरीन. ती बाबांना भेटली आमल्यालाच, बाबा तिथे लोको शेडमध्ये काम शिकायला होते तेव्हा. बाबा सौंसरच्या बौद्ध मोहल्ल्यातले, आई अँग्लो-इंडियन. लग्नाला दोन्हीकडची मिळून चार माणसं होती. मामा त्या चारांतला एक, म्हणून बाबांचा त्याच्यावर फार जीव. स्टेशनावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि मग मामा मला विसरून सरळ आमच्या तीनचाकीपाशी जाऊन उकिडवा बसला. त्याने फळीखाली हात घातला, चाक हलवून पाहिलं, आणि बाबांकडे मान वर करून म्हणाला की देवराव, तुला माहीत आहे का तू काय बांधून ठेवलंयस?

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे गॅरेज. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी मेरीची, आणि दोघांना मिळून एकच उदबत्ती, कारण आईचं म्हणणं की धूर काय, तो दोघांकडे जातोच. सकाळी छोट्या लाइनीच्या गाडीची शिट्टी, मग बाबांच्या हातोडीची पहिली ठोक, मग आईचं शेजारच्या सुगंधाबाईशी भांडण. मात्र मी सांगतेय त्या वर्षी भांडणाचाही आवाज बंद होता. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या दारातून जात असे, त्यावरून दोघी असं काही बोलून बसल्या होत्या की वर्षभर एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. त्याआधी सुगंधाबाईंचं आमच्याकडे सारखं येणं-जाणं. बागेत पेट्या भरायच्या कामाला जाणारी ती बाई, हात कायम संत्र्याच्या सालीच्या वासाचे. आई रविवारी खिम्याचे गोळे करून नारळाच्या रश्श्यात सोडायची आणि हळदीचा पिवळा भात करायची. तिच्या माहेरी त्याला बॉल करी म्हणत. सुगंधाबाईंनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा त्या म्हणाल्या, हा तर डोरीचा गोळाभात. तेच नाव मोहल्ल्यात चाललं. भांडण झाल्यावरही आई रविवारी सवयीने एक वाटी जास्त करायची आणि मग ती मलाच खावी लागायची.

मामाच्या पेटीत दोन जोड कपडे, एक चामडी टोपी आणि कागदांचं एक जाड पाकीट होतं. मोठी मावशी आधीच ऑस्ट्रेलियाला जाऊन राहिली होती. मामाचे कागद झाले होते. माझ्यासाठीही तिने कागद पाठवले होते, की रीताने इकडे यावं, शिकावं. फॉर्मवर माझी सही हवी होती आणि बाबांची. मामा सोमवारी निघणार होता. म्हणजे माझ्या हातात नऊ दिवस होते. आई म्हणाली, तुझं तू ठरव. बाबांनी त्या रात्री जेवताना भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. खरं सांगायचं तर माझं ठरलेलं होतं. मला जायचं होतं. माझे डोळे घारे, केस तांबूस, आणि उन्हात गेलं की माझं तोंड लालबुंद होई. शाळेत मला पोरं ‘लालतोंडी माकडीन’ म्हणत. लोधीखेड्याहून येणारा गुणवंता नावाचा एक बागाइतदाराचा मुलगा तर मी वर्गात शिरले की बाकावर बसून खाजवून दाखवायचा. आणि मामाच्या कॉलनीत नाताळाला जावं, तर तिथल्या आत्या-मावश्या माझ्या बाबांच्या जातीबद्दल कुजबुजत. एकीकडे मी गोरी म्हणून हसायच्या कामाची, दुसरीकडे काळी म्हणून. जिथे आपल्याला कुणी ओळखतच नाही अशा देशात जाणं मला सोयीचं वाटत होतं.

फॉर्ममध्ये एक चौकोन होता, मूळ गाव कोणतं असं विचारणारा. मामाच्या स्वतःच्या फॉर्मची प्रत पाकिटात होती, तिच्यात त्याने तिथे ‘रेल्वे कॉलनी’ लिहिलं होतं. माझा चौकोन मी रिकामा ठेवला.

पण त्या नऊ दिवसांत फॉर्मकडे बघायला फुरसतच मिळाली नाही, कारण दुसऱ्या दिवशी रामाकोन्याहून बातमी आली की यंदाच्या शंकरपटाच्या शेवटच्या दिवशी, बैलांच्या शर्यती झाल्या की मोटारसायकलींचीही शर्यत होणार. आमच्या भागात पट म्हणजे दिवाळीहून मोठी गोष्ट. आणि पंचकमिटीने मोटारसायकलींसाठी नियम केला तो असा, की पटात धावते ती जोडी, एकट्या बैलाला कुणी पळवत नाही, तेव्हा मोटारसायकलीवरही दोन माणसं पाहिजेत. एकट्या माणसाला प्रवेश नाही. दुसऱ्या माणसाने करायचं काय, हे कमिटीलाही माहीत नव्हतं. बाबा हे सांगताना हसत होते. मामा मात्र हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि त्याच्या रेल्वेच्या हिंदीत म्हणाला, “देवराव, ये रेस तो हमारे लिए बनाया है.”

तेव्हा आम्हाला कळलं की मामा तरुणपणी सुट्ट्या टाकून कलकत्त्याकडे एका पडीक लष्करी धावपट्टीवर शर्यतींना जायचा. तिथे तीनचाकी गाड्या धावत. एक माणूस चालवतो आणि दुसरा पाटावर. गाडी डावीकडे वळली की पाटाचं चाक उचलतं, तेव्हा दुसऱ्याने डावीकडे बाहेर लोंबकळून ते खाली दाबायचं. उजवीकडे वळली की मागचं चाक हलकं होतं, तेव्हा चालवणाऱ्याच्या पाठीमागून उजवीकडे झेपावायचं. मामाने सात वर्षं हे दुसऱ्या माणसाचं काम केलं होतं. चालवायला मिळालं नाही कधी, कारण गाडी चहाच्या मळेवाल्या साहेबाची.

त्या आठवड्यात आमच्या घरात शब्दांचा नुसता पाऊस पडला. मामा गॅरेजच्या जमिनीवर खडूने वळणं काढायचा आणि बोलायचा. चाकाला चाक लावून दोघं झुंजत निघाले की ते ‘डाइसिंग’. गाडी ठोकली तर ‘शंट’. एक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून सोडायचीच नाही, ते ‘फ्लॅट-आउट’. गाड्या नेहमी जातात त्या वाटेच्या बाहेर रबराचे बारीक तुकडे साचतात, त्यावर चाक गेलं की घसरलंच, त्यांना म्हणायचं ‘मार्बल्स’. बाबा चहाचा कप धरून ऐकत आणि मधेच त्याचं पटातलं भाषांतर करत. चालवणारा तो धुरकरी, हे तर उघडच. मार्बल्स म्हणजे ढेकळं. आईसुद्धा पोळी लाटता लाटता म्हणू लागली की आज दूधवाला फ्लॅट-आउट गेला, थांबलाच नाही. मी ते शब्द पाठ करत झोपायची. ते कुणाच्याच घरचे नव्हते, ना आमल्याच्या ना सौंसरच्या, आणि मला ते माझे वाटत होते.

मग मी विचारलं, की पाटावरच्या माणसाला काय म्हणतात? मामा सहज म्हणाला, “मंकी.”

मी उठले आणि घराच्या मागे जाऊन बसले. मामाला काही कळेना. आईने त्याला सांगितलं असावं, कारण तो थोड्या वेळाने आला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला. त्याने मला समजावलं वगैरे नाही. शर्टाची बाही वर केली आणि खांद्यापासून कोपरापर्यंतचा खरवडल्याचा जुना वण दाखवला. म्हणाला की आमल्याला आम्हालाही तेच म्हणायचे, बेबी. आणि धावपट्टीवरही तेच म्हणायचे. पण धावपट्टीवर म्हणताना टोपी काढून म्हणायचे. मी त्या वणावर बोट फिरवलं. मग विचारलं की डाव्या वळणावर पाय कुठे अडकवायचा.

बाबांनी पाटाला धरायला दोन कड्या बसवल्या आणि पायासाठी सायकलचा पेडल. आईने मामाची रेल्वेची निळी पॅन्ट उसवून मला बेतून दिली, गुडघ्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे शिवले आणि म्हणाली, “पडशीन तर मोडल्या हातानं घरी येजो नको, मले पाहवनार नाई.” तिची मराठी अख्खी मोहल्ल्यात शिकलेली, त्यामुळे ती रागावली की कुणाला ओळखू येत नसे की ही बाई कुठची. चार दिवस आम्ही पडीक वावरात फिरलो, मामा चालवायला आणि मी पाटावर. तिसऱ्या दिवशी मला पहिल्यांदा जमलं. चाक उचललं, मी बाहेर झेपावले, पाठ जमिनीपासून वीतभर वर, कानाजवळून माती पळतेय, आणि चाक माझ्या वजनाने खाली बसलं. तसा आनंद मला पुढे पहिल्या बाळाला हातात घेतानाच झाला. मी ओरडत होते असं बाबा म्हणतात. मला आठवत नाही.

रविवारी रामाकोन्याला नुसती जत्रा. गाड्या, छकडे, भज्यांचा तेलकट वास, लाउडस्पीकरवर नत्थूजी मास्तरांचा आवाज. जोडी धावायला उभी राहिली की नत्थूजी तिचा पुकारा करत: कोणाची जोडी, कोणत्या गावची. पुकाऱ्याशिवाय झेंडी पडत नसे. आणि तिथल्या पटाची एक रीत होती. पुकाऱ्याआधी जोडीच्या गावातल्या एका माणसाने जुवावर हात ठेवून सगळ्यांदेखत ‘आमची हाय’ म्हणायचं. घरचा माणूस चालत नसे. घरचा तर म्हणणारच. गावाने म्हणायला पाहिजे, कारण जिंकली तर गुलाल गावाचा आणि बैलाने कुणाला तुडवलं तर भरपाईही गावाची.

आम्हाला ही रीत ठाऊक होती. मोटारसायकलींनाही ती लागू होईल हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तीन जोड्या होत्या. रामाकोन्याची, लोधीखेड्याची आणि आम्ही. लोधीखेड्याच्या गाडीवर गुणवंता आणि त्याचा भाऊ. त्यांच्या गावचे दहा जण पुढे आले आणि हँडलवर हात ठेवायला त्यांच्यात ढकलाढकली झाली. मग नत्थूजी आमच्यापाशी आले. भला माणूस, पण रीतीचा पक्का. त्यांनी मामाला विचारलं, तुमचं गाव कोन्तं? मामाने आमला सांगितलं. तिथं घर हाय का, वावर हाय का? मामा म्हणाला, क्वार्टर होतं, आता सोडलं. नत्थूजींनी मान हलवली. “क्वार्टर म्हंजे गाव नाई होत, भाऊ.” मग त्यांनी मला विचारलं आणि मी म्हणाले, सौंसर. हे मी विचार न करता म्हणाले. फॉर्मावर जे आठ दिवस लिहवलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

“मंग सौंसरातून कोनी हात ठेवा,” नत्थूजी म्हणाले.

बाबा पुढे झाले तर त्यांना मागे सारलं, तुमी घरचे. सौंसरची माणसं गर्दीत पन्नासेक तरी होती. कुणी वाईट नव्हतं. बाबांकडून ज्यांनी पंप दुरुस्त करून घेतले ते होते, ज्यांच्या सुनांना त्याच गाडीवरून दवाखान्यात नेलं ते होते. पण भर पटात, लाउडस्पीकरसमोर, पहिल्यांदा हात कोणी पुढे करायचा? एकमेकांकडे बघत राहिले सगळे. गुणवंताने हळूच खाजवून दाखवलं. माझे कान तापले, तोंड लाल झालं असणारच. मामा माझ्याकडे न बघता म्हणाला की चलो बेबी, घर चलते हैं. त्या क्षणी मी मनात फॉर्मवर सही करून मोकळी झाले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुणीतरी दोरीखालून वाकून आलं. सुगंधाबाई. डोक्यावरचा पदर एका हाताने धरलेला, चालणं भांडायला निघाल्यासारखं. पटाच्या पट्टीवर बाईमाणसाने पाय ठेवायची पद्धत नव्हती (मी गाडीवर बसलेली, म्हणून चाललं), तेव्हा दोघंतिघं अडवायला आले, तर त्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या आल्या, गाडीच्या हँडलवर हात ठेवला आणि नत्थूजींना म्हणाल्या, “आमची हाय. इच्या मायसंगं माहं बोलनं बंद हाय, थे येगळं. पोट्टी आमची हाय.”

नत्थूजींनी विचारलं, “अन् हा गोरा?”

“पोट्टीचा मामा तो गावाचा मामा,” सुगंधाबाई म्हणाल्या. “आता झेंडी पाडता का उनात उभं ठेवता?”

लोक हसले, आणि मग सौंसरच्या माणसांना एकदम कंठ फुटला. इतके हात आले की मामाला हँडल दिसेना. नत्थूजी माइककडे गेले आणि आवाज चढवून म्हणाले, सौंसरची जोडी. मामा टोपी घालता घालता पुटपुटत होता, सौंसर, सौंसर, जसं काही पत्ता लक्षात ठेवायचा आहे.

झेंडी पडली. तीन फेऱ्या होत्या. सरळ पट्टी, चिंचेपाशी थोडं उजवं, मग विहिरीला डावा वळसा आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या कडेने परत. सरळ पट्टीवर आम्ही मागे पडलो, फळ्यांचं वजन होतं. चिंचेपाशी मी मामाच्या पाठीमागून उजवीकडे झेपावले आणि आम्ही जरा सावरलो. विहिरीवर रामाकोन्याच्या गाडीने वेग कमी केला, गुणवंताच्या गाडीनेही केला, मामाने केलाच नाही. चाक उचललं. मी पेडलात पाय अडकवून बाहेर गेले, पऱ्हाटीची काडी कानाला फटकारून गेली, आणि चाक बसलं. दुसऱ्या फेरीत आम्ही लोधीखेड्याच्या शेजारी होतो, चाकाला चाक, आणि माझं डोकं गुणवंताच्या गुडघ्यापाशी. मी त्याच्याकडे वर बघून ओरडले, “डाइसिंग.” त्याला काय कळणार. तिसऱ्या फेरीत आमच्या पुढे जायच्या नादात तो विहिरीच्या वळणावर बाहेरच्या अंगाला गेला, ढेकळांत. मामा आणि मी एकदमच म्हणालो, मार्बल्स. त्यांची गाडी हळूच घसरत पऱ्हाटीत शिरली आणि दोघं भाऊ तिथे उभे राहून अंग झटकू लागले. कुणाला लागलं नाही.

आम्ही दुसरे आलो. रामाकोन्याची गाडी आमच्यापुढे हातभर होती. पण सौंसरवाल्यांना ते पटेना, त्यांनी पहिल्याचाच गुलाल उधळला. मामा, बाबा, सुगंधाबाई, नत्थूजी मास्तर, सगळ्यांची तोंडं लाल. दोरीपलीकडून आई आली, तीही लाल झाली. ती सुगंधाबाईंसमोर उभी राहिली. मग आई म्हणाली की आज रविवार आहे, वाटी काढून ठेवते.

घरी आल्यावर मी फॉर्म काढला. त्या चौकोनात सौंसर लिहिलं, अगदी ठसठशीत, आणि सहीची जागा कोरी ठेवून तो मामाला परत दिला. मामाने वाचला, घडी केली, खिशात घातला. मला तिकडे अधिक शिकता आलं असतं, कदाचित सुखही अधिक मिळालं असतं, हे तेव्हाही कळत होतं. पण मला पुन्हा कुणाला तरी स्वतःची ओळख करून द्यायची नव्हती. बाबांना सांगितलं तेव्हा ते गॅरेजमध्ये निघून गेले आणि उगीचच एक चांगलं चालणारं इंजिन खोलत बसले. सोमवारी मामाला सोडायला पांढुर्ण्याला मीच गाडी चालवली. तो फळीवर बसला, प्रत्येक वळणावर इमानदारीने बाहेर लोंबकळत. तिगावपाशी एका बैलगाडीवाल्याने गाडी थांबवून आमच्याकडे पाहिलं.

मामा परत कधी आला नाही. पत्रं येत, मग फोन. गेल्या वर्षी तो गेला आणि या हिवाळ्यात त्याची मुलगी लिंडा सौंसरला आली. तिने वडिलांच्या कागदांतून एक जुना फॉर्म आणला होता. मूळ गावाच्या चौकोनात ‘रेल्वे कॉलनी’ खोडून वर मामाच्या अक्षरात लिहिलेलं, सौंसर. तिने मला विचारलं की वडिलांचं इथलं घर कोणतं. मामा आमच्या घरी आयुष्यात सगळे मिळून नऊ दिवस राहिला होता.

मी तिला सुगंधाबाईंकडे घेऊन गेले. त्यांना आता दिसत नाही. खाटेवर बसलेल्या असतात, हात अजून संत्र्याच्या साली शोधल्यासारखे चाळवत. मी म्हणाले, मामाची मुलगी आलीय, मेल्विनमामाची. त्यांनी हात पुढे केला, चाचपत लिंडाचा खांदा सापडला, तिथे तो ठेवला, आणि दारातून जाणाऱ्या कुणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, “आमची हाय.”

लिंडाने मला विचारलं, या काय म्हणाल्या. मी तिला सांगितलं की तुझ्या वडिलांचं घर सापडलं.